निजवून नेलेले दुखणे

"मी झोपणार नाही," मी म्हणाले.

आप्पा व्हॅनच्या मागच्या दारापाशी उशी हातात घेऊन उभे होते. मधली सीट काढून त्यांनी तिथे कापसाची गादी अंथरली होती. गादीवर आईची जुनी गोधडी, गोधडीवर धुतलेली चादर, आणि पाण्याची बाटली लोळू नये म्हणून कडेला खोबण पाडलेली फळी. उभे आयुष्य एसटीची गाडी कुंभार्ली घाटातून चढवण्याउतरवण्यात गेलेल्या माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर केलेले हे एकुलते एक सुतारकाम. त्याचा त्यांना विलक्षण अभिमान होता.

"झोपणार नाही म्हणजे?"

"म्हणजे पुढे बसणार. तुमच्या शेजारी. पुण्यापर्यंत."

"पुण्यापर्यंत!" आप्पांनी उशी काखोटीला मारली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज चढवला. "ऐकलंस काय गो? जिला पानावर धड बसवत नाही, ती पुण्यापर्यंत बसून जाणार म्हणते."

आई हात पुसत बाहेर आली. "यामिनी, सकाळच्या पारी वाद घालू नको. काल दिवसभर मी ती गादी उन्हात घातल्येय. मुकाट्यानं आडवी हो."

"मग तूच हो आडवी. मी पुढे बसते."

आईने आप्पांकडे पाहिले, आप्पांनी आभाळाकडे. मी पुढचे दार उघडून बसले आणि पट्टा लावून घेतला.

त्या सकाळी माझ्या स्वभावात जे चिडखोर, काटेरी असे काही होते ते तीन वर्षांत साठलेले होते. मी तालुक्याच्या न्यायालयात लघुलेखक. साक्षीदार बोलतो, वकील हरकत घेतात, न्यायाधीश सांगतात आणि मी उतरवून घेते. न्यायाधीश उठेपर्यंत आपण उठायचे नाही, हा तिथला रिवाज. आणि माझे दुखणे होते ते नेमके बसण्याचे. खुर्चीत बसून थोडा वेळ गेला की माकडहाडाच्या आत कोणीतरी ओल्या सुंभाला सावकाश पीळ घालू लागे. मग तो पीळ मांड्यांच्या आतल्या बाजूने उतरत तळपायापर्यंत जाई आणि तिथे मुंग्यांचे वारूळ फुटे. आडवी झाले की सारे ओसरायचे. वाशिष्ठीच्या खाडीचे पाणी ओहोटीला मागे सरते तसे, मागे चिखल ठेवून.

चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला. दुसऱ्यांनी मधोमध भोक असलेली रबरी उशी दिली. ती काखेत घेऊन न्यायालयात जाताना शिपायापासून सरकारी वकिलांपर्यंत सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिसऱ्यांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. चौथे आप्पांना म्हणाले, "लग्न करून टाका, आपोआप जाईल." कऱ्हाडला एमआरआय झाला. तिथले डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, "खाली माकडहाडात दोन पाण्याच्या पुटी दिसतायत. पण त्या पुष्कळांना असतात. त्यांचा त्रास नसतो." आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो सगळे विचारत.

"आत्ता दुखतंय?"

"आत्ता नाही."

"मग?"

टेबलावर निजवून ते पाय उचलून पाहत, गुडघ्यावर हातोडी मारत, टाचणी टोचत. सगळे ठीक असे. शेवटच्या डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या नेमाने घेतल्या. मन शांत झाले. दुखणे जागच्या जागी राहिले.

आता शिल्लक रजा संपत आली होती. पुण्याच्या डॉक्टर टिपणीस या मज्जासंस्थेच्या शल्यविशारद. त्यांची वेळ मिळायलाच पावसाळा उलटून गेला होता. त्यांनीही 'काही नाही' म्हटले तर मी राजीनामा द्यायचा, असे घरात ठरले होते. ठरवताना मला कुणी विचारले नव्हते.

घाट सुरू होण्याआधीच पीळ सुरू झाला. मी खिडकीवरची मूठ धरली. आप्पा गाडी इतकी हळू हाकत होते की मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते. निजलेल्या मुलाच्या खोलीचे दार ओढून घ्यावे तसे ते गिअर बदलत होते.

"आप्पा, नेहमीच्या वेगानं चला."

"खड्डे दिसत नाहीत तुला?"

"दिसतात. जाऊ द्या त्यांच्यातून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. वळणावर कधी मान न वळवणारा माणूस. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"ते बघायचे पैसे तुम्ही मागच्याच डॉक्टरांना दिलेत."

त्यांनी मान पुन्हा रस्त्याकडे वळवली. माथ्यावर धुके रस्त्यावर पसरून बसले होते, कुणी उठवायला न आलेल्या गुरांसारखे. माझा उजवा पाय गुडघ्याखाली माझा राहिला नव्हता. मी दातांवर दात धरून बसले होते आणि आप्पांच्या नजरेला ते दिसू नये म्हणून बाहेर पाहत होते. त्यांना ते दिसत होते.

पाटणला त्यांनी चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, उतरले आणि मागचे दार उघडून उभे राहिले. चहा मागवलाच नाही.

"उतर. आणि मागे आडवी हो. त्याशिवाय मी गाडी पुढे नेत नाही."

"मग मी एसटीनं जाते."

"एसटीनं?" जणू मी त्यांच्याच शस्त्राने त्यांच्यावर वार केला होता. "आणि त्यात जागा मिळाली नाही तर?"

"मिळेल. बसून जाईन."

"अगो, पण कशासाठी? राग कुणावर काढत्येस? माझ्यावर? काढ. पण स्वतःच्या हाडांवर कशाला?" त्यांचा आवाज फाटला. टपरीवरच्या दोघातिघांनी आमच्याकडे पाहिले, आणि मग चहाच्या पेल्यात. "तीन वर्षं तळहातावर घेऊन फिरतोय तुला. कधी एक हिसका बसू दिला?"

"नाही बसू दिला, आप्पा."

"मग?"

पुन्हा 'मग'. मला त्यांना सांगता आले असते. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण गादीच्या कडेला त्यांनी मारलेल्या पितळी चुका त्या क्षणी उन्हात चमकल्या आणि मी ते शब्द गिळले.

"कारण विचारू नका. आजच्या दिवस माझं ऐका. पुण्याला पोचल्यावर तुम्ही म्हणाल ते करीन."

"राजीनामा लिहिशील?"

"बाईंनी 'काही नाही' म्हटलं, तर लिहीन."

त्यांनी मागचे दार आपटून लावले. कऱ्हाड गेले, सातारा गेला. दुखण्याला एक वेळ अशी येते की त्याच्यापाशी उपमा उरत नाहीत. ते कशासारखेही राहत नाही. मी अंगठ्याच्या नखाने तर्जनी दाबत होते, बोगद्याच्या अंधारात तोंड उघडून आवाज न करता रडत होते आणि एकाच गोष्टीची काळजी करत होते: की हे असेच राहावे. पोचेपर्यंत कमी होऊ नये.

दवाखान्यात शिरताच नावे पुकारणारी मुलगी माझा चेहरा पाहून उठली. "ताई, फार त्रास होतोय का? आत कॉट आहे. नंबर येईपर्यंत पडून राहा ना."

"बघ," आप्पा कळवळून म्हणाले, "परक्या माणसाला कळतं."

"नको," मी म्हणाले. "मी इथेच बसते."

"हिचं काही ऐकू नका," आप्पा त्या मुलीला म्हणाले. "कॉट दाखवा कुठे आहे ती." त्यांनी माझ्या दंडाला धरले. ती मुलगी दुसऱ्या दंडाला. प्रेमाने धरलेल्या दोन हातांमधून सुटणे किती अवघड असते, ते मला तिथे कळले. मी खुर्चीचा दांडा पकडून ठेवला आणि भर दवाखान्यात ओरडले, "सोडा मला! कुणी मला निजवायचं नाही!"

एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राआड गेले. आणि आतून हाक आली, "पुढचं कोण आहे?"

डॉक्टर टिपणीस पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, कंटाळलेल्या चेहऱ्याच्या बाई. "बसा," त्या सवयीने म्हणाल्या. मी बसले. त्यांनी मान वर केली आणि मी ज्या तऱ्हेने बसले होते, एका कुल्ल्यावर, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर रोवून, त्याकडे त्या पाहत राहिल्या.

"आत्ता दुखतंय?"

"हो."

तीन वर्षांत हा शब्द मला डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारता आला. तो उच्चारताना मला घाम फुटला होता.

"मॅडम, तिचं काय आहे," आप्पांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "तीन वर्षांपासून—"

"त्यांना बोलू द्या."

"नाही, पण आज तिनं हट्ट केला म्हणून. एरवी मी तिला झोपवून आणतो. गाडीची सीट काढून गादी घातल्येय. आजपर्यंत जेवढ्या डॉक्टरांकडे नेलं, सगळीकडे आडवी नेली. पोटातलं पाणी हलू दिलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवले. "सगळीकडे?"

"सगळीकडे," आप्पा अभिमानाने म्हणाले. "चिपळूण असो, कऱ्हाड असो. पोचेपर्यंत पोरगी अगदी ताजीतवानी."

"आणि त्या डॉक्टरांना काही सापडलं नाही."

"नाही ना! एकालाही नाही."

"कसं सापडेल?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तो अधिकच लागला. "तुम्ही दर वेळी हिचं दुखणं वाटेत निजवून आणत होतात."

आप्पा हसले. मग हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्याच्याखालून माणूस निघून गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"संशय होता."

"मग मला सांगायचं नाहीस? पाटणला विचारलं मी तुला."

"तुम्ही ती गादी इतक्या हौसेनं केली होती, आप्पा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि नुसताच हातात धरून बसले.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा," बाई म्हणाल्या.

"मी बापच आहे तिचा."

"म्हणूनच."

दार लागल्यावर बाईंनी मला निजवले नाही. उभी केली, वाकवली, टाचांवर चालवली. "खोका." मी खोकले, आणि माकडहाडातून वीज तळव्यापर्यंत गेली, मी त्यांचाच खांदा धरला. त्यांनी टाचणी नको तिथे, म्हणजे हवी तिथे, लावून पाहिली. एका बाजूला मला ती बोथट लागत होती.

"लघवीचा काही त्रास?"

मी पंख्याकडे पाहत सांगितले. शिंक आली की काय होते ते, साक्ष चालू असताना काळी साडी का नेसते ते.

"हे आधीच्या कुणी विचारलं नाही?"

"विचारलं होतं. आप्पांनी 'तसलं काही नाही' म्हणून सांगितलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग फिल्म लावली आणि पेनाच्या टोकाने दाखवू लागल्या. मज्जारज्जूच्या भोवती पाणी असते. पार खाली, शेवटच्या मज्जातंतूंच्या मुळांवर कधी कधी त्या पाण्याच्या पुटी होतात. टार्लोव्ह पुटी म्हणतात त्यांना. बसले, उभे राहिले, खोकले की पाण्याचा दाब वाढतो, पुटी फुगते आणि तिच्या भिंतीतून जाणारा तंतू ताणला जातो. आडवे झाले की दाब उतरतो.

"म्हणजे ह्याच?" मी विचारले.

"घाई करू नका. कऱ्हाडचे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पुष्कळांना असतात आणि बहुतेकांना त्या असल्याचा पत्ताही नसतो. तुम्ही कोर्टात काम करता ना? घटनास्थळी सापडला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. उद्या मशीनमध्ये बघत बघत सुईनं मोठ्या पुटीतलं पाणी काढू. दुखणं गेलं, आणि पुटी भरल्यावर परत आलं, तर पुरावा मिळाला. मग शस्त्रक्रिया. गेलंच नाही, तर मी त्या हाडाला हात लावणार नाही."

"आणि शस्त्रक्रियेनंतर?"

"मागून हाड थोडं उघडायचं, पुटी आकसवून शिवायची, रिकाम्या जागेत अंगातलीच चरबी भरायची. तंतू जिवंत असतो, तो दुखावूही शकतो. सगळं जाईल असं वचन मी कुणाला देत नाही."

मी इतकी खूश झाले की त्यांना ते विचित्र वाटले असावे. तीन वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी नीट घाबरवले होते.

सुई टोचली त्याचे विशेष काही नाही. पालथे निजून मी एका यंत्राची गुणगुण ऐकली. दुपारी त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवले आणि मी वाट पाहू लागले. सुंभ पडून होता. पीळ घालणारा हात आलाच नाही. पाठ टेकून, पाय सोडून, दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार देऊन मी बसले. बसण्यात काही करावे लागत नाही, हे मी विसरून गेले होते. आप्पा मात्र समोर उभेच होते. त्यांना दोनदा 'बसा' म्हटले, ते बसले नाहीत. केबिनमधून बाहेर पडल्यापासून ते माझ्याशी कामापुरते बोलत होते: पाणी देऊ? चप्पल इकडे आहे. आत्याकडे कळवलंय.

पुढे शस्त्रक्रिया झाली. महिनाभर मी पालथी निजून होते. त्यानंतर न्यायालयात रुजू झाले. आज दुपारच्या सुट्टीपर्यंत सलग बसते. उजव्या तळव्यात मुंग्यांचे एक लहानसे वारूळ राहिले आहे, ते राहणार. पण एवढ्या वर्षांनी मला शस्त्रक्रियेतले फारसे आठवत नाही. आठवते ती तिच्याआधीची संध्याकाळ, कर्वेनगरला, आत्याच्या घरी.

आत्या देवळात गेली होती. मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होते, पाटावर, मांडी घालून, कारण मला बसता येत होते. आप्पा बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत होते. आणि शेंगेवर अंगठा दाबता दाबता मला ते कळले. फार दूरवर, माकडहाडाच्या आत, कोणीतरी सुंभाचे टोक हातात घेतले. मी हात थांबवला. पीळ पडला. पुन्हा पडला. तीच जागा, तीच वाट, मांडीच्या आतून खाली.

"आप्पा!" मी ओरडले. "आलं!"

ते धावत आले. "काय आलं? कोण आलं?"

"दुखणं. परत आलं!"

मी हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि मी हसत होते, मटाराचे दाणे मांडीवरून घरंगळत होते. आप्पांचा चेहरा आधी गोंधळला, मग भयंकर चिडला.

"हसत्येस काय अशी? वेड लागलं तुला?"

"नाही लागलं, आप्पा. तेच तर. वेड नव्हतंच."

ते तसेच दारात उभे राहिले. मला वाटले, आता उशी आणतील. पण ते खाली बसले. गुडघे मोडून, कुरकुरत, माझ्यासमोर फरशीवर. परातीतून एक शेंग उचलली, आणि तिच्याकडे पाहत म्हणाले, "कुठे?"

"काय कुठे?"

"कुठे दुखतं गो, बाय?"

तीन वर्षे ते सगळ्या डॉक्टरांना सांगत आले होते. मला त्यांनी कधी विचारले नव्हते. मी सांगितले. ज्या जागांची नावे आमच्या घरात घेतली जात नाहीत त्यांच्या नावासकट, शिंकेचे, काळ्या साडीचे, सगळे. त्यांची मान एकदा खाली गेली, पण ते उठले नाहीत. ते मटार सोलत राहिले, आणि मी थांबले की 'पुढे?' म्हणत राहिले.